गाठ चांगल्या पायावर

बेंगळूर, १९ ऑगस्ट १९५६

तीर्थरूप विठोजी मामा,

पिराजी पाया पडतो. हे पत्र मामी वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे आणि ओळींत अंतर सोडलं आहे. मामी, मामा "बंद कर" म्हणाले तर थांबा, पण पत्र चुलीत घालू नका. दुपारी ते बैलांना पाणी दाखवून आले, की राहिलेलं वाचा.

मामा, नागपंचमीला गरडीच्या आखाड्यात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. पण मालोजी अण्णा सगळ्या पेठेत सांगतो आहे की पिराजीनं वस्तादांचा हात धरला. मी तुमचा हात धरला नाही. अण्णा कुस्तीत हातावर पडला, बघता बघता हात सुजला, तुम्ही तेलाची वाटी मागितलीत आणि मी ती दिली नाही. इतकंच. "मामा, चोळू नका, मोडलेला असेल, इस्पितळात नेऊ," असं म्हणालो आणि त्याचा हात पट्टीनं गळ्यात बांधला. तुमच्यासमोर एवढं लांब वाक्य मी जन्मात बोललो नव्हतो. माझाच आवाज मला परका वाटला.

इस्पितळात फोटो काढला. हाड शाबूत निघालं. नुसता मुका मार. सगळी तालीम पोट धरून हसली. तुम्ही तेवढे हसला नाहीत. हसला असतात तर बरं झालं असतं.

तुमचे शब्द मला पाठ आहेत. "आईविना पोर म्हणून माझ्या हाताखाली वाढवला, आणि चारचौघांत माझाच हात खोटा पाडलास. तुझ्या त्या पट्टीनं मैदानात एक माणूस उभा करून दाखव, मग माझा उंबरठा चढ. तोवर नको." गरडीची किल्ली अण्णाच्या हातात ठेवलीत आणि मामींना घेऊन गावी जायला आनेकलची बस धरलीत.

गिरणीच्या दवाखान्यात रविवारी प्रथमोपचाराचा वर्ग असतो, हे मी आधी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं की नको होतं, ते मला अजून ठरवता येत नाही. आमचे हयवदन मास्तर म्हणाले, "शंका आली की मोडलंय असंच धरायचं. तुझं चुकलं तर लोक हसतील. न धरता चुकलं तर लोक रडतील." मी म्हटलं, लोक हसले, मास्तर. ते म्हणाले, "मग पुढच्या रविवारी वेळेवर ये."

मामा, मी वर्ग सोडणार नाही, आणि तुमचं वाक्यही सोडणार नाही. एक माणूस उभा करून दाखवीन.

तुमचा
पिराजी


बेंगळूर, १८ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप मामा,

पाया पडतो. उत्तर आलं नाही, तरी पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरतो. यल्लाप्पा म्हणतो, शंका आली की पोचलंय असंच धरायचं.

यल्लाप्पा माझ्या खोलीत राहतो. बेळगावकडचा आहे, गिरणीत सूत खात्यात आहे. अर्धं कानडी अर्धं मराठी बोलतो आणि दोन्हींत चेष्टाच करतो. मी पट्ट्या बांधायचा सराव त्याच्यावर करतो. संध्याकाळी घरी आला की सदरा काढायच्या आधी विचारतो, "काय पिराजी अण्णा, आज माझा कुठला हात मोडलाय? सांग, म्हणजे दुसऱ्यानं जेवतो."

पट्टी कशी असते ते मामींना सांगतो. दोन हात लांब-रुंद चौकोनी कापड घ्यायचं, म्हणजे मामांच्या डोक्याच्या रुमालासारखंच, फक्त लहान. ते एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कापलं की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. झोळी करा, घडी घालून रुंद पट्टा करा, गुडघ्याला बांधा, डोक्याला बांधा. मी गिरणीत कापडाच्या घड्या घालणाराच माणूस. घडी घालण्यात मला वर्गात कोणी हरवत नाही.

पण एका गोष्टीत मी सगळ्यांना हसवलं. मामी, ही गोष्ट हळू आवाजात वाचा.

मास्तरांनी विचारलं, "खेळताना गुडघा फुटला, रक्त वाहतं आहे, जखमेवर काय घालाल?" मी सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि ताठ उभा राहून सांगितलं, "तालमीतली माती." आपण लहानपणापासून तेच करत आलो ना. आपल्या मातीत तेल आहे, ताक आहे, हळद-कापूर आहे, दर शनिवारी तिची पूजा होते. माझ्या स्वतःच्या गुडघ्यावर तुम्ही ती किती वेळा दाबून बसवली असेल.

वर्ग हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "पिराजी, ती माती पैलवानाला चांगली. जखमेला नाही. जखमेत गेली तर धनुर्वात होतो." मी म्हणालो, "सर, आमच्या वस्तादांची माती आहे, रस्त्यावरची नव्हे." ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. वस्तादांना माझा नमस्कार सांग. आणि जखम उकळून गार केलेल्या पाण्यानं धू."

नमस्कार सांगितला. मातीची बाजू मी शेवटपर्यंत घेतली. पण मामा, जखम आता पाण्यानंच धुतो.

तुमचा
पिराजी


बेंगळूर, २४ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप मामा, तीर्थरूप मामी,

पाया पडतो. मी पास झालो.

हे वाक्य मी वेगळ्या ओळीवर लिहिलं आहे, म्हणजे मामी ते दोनदा वाचू शकतील.

परीक्षा घ्यायला बाहेरचे डॉक्टर आले होते. इंग्रजीत विचारत, आणि मास्तर ते कानडीत सांगत. माझी शाळा सहावीत सुटली. त्यामुळे इंग्रजी ऐकलं की मला कानडीसुद्धा विसरायला होतं. माझं नाव विचारलं, तेही यल्लाप्पानं सांगितलं. तो रुग्ण म्हणून माझ्याबरोबर आला होता आणि फुटबॉलचे बूट घालून जमिनीवर पसरला होता.

प्रश्न होता, "या गड्याचा घोटा मैदानात मुरगळला आहे. काय कराल?"

मी बसलो. आणि मामा, माझे दोन्ही अंगठे आपोआप त्याच्या घोट्याकडे गेले, चोळायला. हे हात तुमचे आहेत. इतकी वर्षं तुम्ही त्यांना जे शिकवलं, ते करताना हात माझ्या डोक्याला विचारत नाहीत. मी ते हवेतच थांबवले. डॉक्टर पाहत होते. यल्लाप्पा डोळे मिटून पुटपुटला, "अय्यो देवा, आता हा मला मालीश करणार."

मी पट्टी घेतली आणि बुटावरूनच बांधली. तळव्याखालून काढून घोट्यावर फुली, मागून वेढा, पुन्हा पुढे. मग तांब्यातलं गार पाणी वर ओतलं, म्हणजे कापड आवळतं.

डॉक्टरांनी विचारलं, "बूट का नाही काढला?"

"बूट हीच त्याची पहिली पट्टी आहे साहेब. ती आपण का सोडायची?"

मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हाडं ओळखायला सांगितली. डोळे मिटून बोटांनी सांगायचं, कुठलं हाड कुठं सुरू होतं. वर्गातली बाकीची मुलं इथं अडखळली. मी सांगत गेलो. त्यांनी विचारलं, "हे कुठं शिकलास? हे काही रविवारच्या वर्गात येत नाही."

"आमच्या मामांकडे," मी म्हणालो. "ते गरडीचे वस्ताद आहेत."

हे मी तुम्हाला खूश करायला लिहीत नाही. घडलं तसं लिहिलं. मामी, मामा काय म्हणाले ते मला एका कार्डावर कळवाल का? काही म्हणाले नसतील तर तेही कळवा.

तुमचा
पिराजी


बेंगळूर, ४ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप मामा,

पाया पडतो. तुमच्याशिवायची नागपंचमी झाली. मातीत नारळ मालोजी अण्णानं फोडला. तुमच्या जागेवर कोणी बसलं नाही. पाट मांडला होता, रिकामा.

अण्णानं यंदा गरडीचा कबड्डी संघ काढला आहे. दसऱ्याच्या सामन्यांत उतरायचं म्हणतो. यल्लाप्पालाही घेतलं, कारण तो सुतासारखाच निसटतो, कुणाच्या हाती लागत नाही. मी माझी पिशवी घेऊन गेलो आणि विचारलं, मला बाजूला उभं राहू द्याल का.

अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या डाक्टर! बाजूला म्हणजे पुष्कळ बाजूला हं. जवळ आलास तर धडधाकट माणसाचाही पाय मोडलेला दिसेल तुला."

मी पुष्कळ बाजूला उभा राहतो. तिथूनही दिसतं.

आता आनंदाची गोष्ट. मंगळवारी सरावात अण्णाच्याच पोटरीत गोळा आला. लोळायला लागला. मी धावत गेलो, पाय सरळ केला, चवडा वर ढकलला आणि पोटरी चोळली, तुमच्या पद्धतीनं, खालून वर. गोळा विरघळला. मामा, गोळ्याला चोळायची परवानगी आहे! पुस्तकात छापलेलं आहे, मी पुन्हा जाऊन वाचून आलो. गोळा आला तर ताणा आणि चोळा. म्हणजे तुमचं सगळं चूक आणि यांचं सगळं बरोबर असं काही नाही. कुठल्या वेळी काय, एवढंच आहे.

यल्लाप्पानं हे गरडीभर केलं. आता कुणाला काही लागलं की पोरं ओरडतात, "चोळ रे पिराजी, पुस्तकात परवानगी आहे!"

मामी, तुमच्या कार्डात "मामा काही म्हणाले नाहीत, पण पत्र पुन्हा वाच म्हणाले" असं लिहिलं होतं. ते कार्ड मी पिशवीत ठेवलं आहे.

तुमचा
पिराजी


बेंगळूर, ६ ऑक्टोबर १९५७

तीर्थरूप मामा, तीर्थरूप मामी,

पाया पडतो. मामी, आज एकही ओळ गाळू नका. हळू तर वाचूच नका. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे.

दसऱ्याच्या दिवशी किल्ल्याजवळच्या मैदानावर शेवटचा सामना झाला. समोर छावणीकडचा संघ होता, उंच आणि धिप्पाड. आम्ही चार गुणांनी मागे होतो. मालोजी अण्णा चढाईला गेला, एक गडी मारला आणि परत वळला. मधल्या रेषेपाशी तिघांनी त्याला पकडलं. तो त्यांना ओढत आला, सगळे मिळून कोसळले, पण अण्णाचा हात रेषेला लागला होता. बरोबरी झाली. त्यांची एक आणि आमची एक चढाई उरली.

लोक नाचत होते. मला मात्र त्या ढिगातून एक आवाज आला होता. अडकित्त्यात भिजलेली सुपारी तुटते ना, तसा जाड. दुसऱ्या कुणाला आला नाही.

ढीग सुटला. अण्णा उठून बसला, हसत होता, पण ओठ पांढरे पडले होते. मी पोचलो तर म्हणतो, "काही नाही रे, गोळा आलाय. चोळ."

आणि मागून सगळे, "चोळ रे पिराजी, परवानगी आहे!"

मी गुडघ्यावर बसलो. आधी चांगला पाय पाहायचा, असा नियम आहे, म्हणजे दुसरा कसा असायला हवा ते कळतं. मग दुखरा. चवडा बाहेरच्या बाजूला पडला होता, आपला नसल्यासारखा. मी नडगीवरून अंगठा नेला, तुम्ही शिकवला तसा, दाबायचं नाही, फक्त विचारायचं. मध्यावर त्याला पायरी लागली.

"अण्णा, टाच उचल."

"उचलतो की."

टाच उचलली गेली नाही.

"अण्णा, मोडलाय."

त्यावर सगळे जे हसले! "आला डाक्टर! अरे, मागच्या खेपेलाही मोडला होता!" पंच घड्याळ पाहत होते. अण्णा हसला नाही. माझी कॉलर धरून त्यानं मला जवळ ओढलं. "पिराज्या, एक चढाई राहिलीय. पट्टी घट्ट बांध आणि उभा कर मला. वस्तादांनी तुला काय सांगितलं होतं? पट्टीनं माणूस उभा कर. कर की मग! आज कर!"

मामा, तुमचं वाक्य मी वर्षभर धरून बसलो होतो, आणि ते असं माझ्यासमोर येऊन बसलं. तिथं पट्टी होती, मैदान होतं, आणि उभा राहायला तयार असलेला माणूस होता. अण्णा एका पायावर नुसता उभा राहिला असता तरी सगळ्या मैदानानं पाहिलं असतं. आनेकलला बातमी गेली असती. मला उंबरठा मिळाला असता. हे सगळं मला एकदम दिसलं.

मी म्हणालो, "नाही."

"काय नाही?"

"उभा करणार नाही. तू उठलास तर हाड कातडी फाडून बाहेर येईल. नंतर हवा तितका हस मला. आता आडवा हो."

आणि त्याच्या छातीवर तळवा ठेवून मी त्याला मागं दाबला. मामा, आपल्या गरडीत मालोजी अण्णाची पाठ कुणी मातीला लावली आहे? त्या दिवशी मी लावली. मामी, हे पुन्हा एकदा वाचा.

मग मात्र माझ्या वतीनं कुणाला बोलावं लागलं नाही. "यल्लाप्पा, चवडा धर आणि सोडू नकोस. बाकीच्यांनी मागं व्हा. सोडा पाजू नका. कुणाचे टॉवेल असतील ते द्या." टॉवेल मी दोन पायांच्या मध्ये भरले. मोडक्या पायाला चांगल्या पायाचीच फळी करायची असते. चांगला पाय मी त्याच्याजवळ आणून ठेवला, घोट्यांना फुलीचा वेढा दिला, मग मांड्या, मग गुडघे, मग मोडल्या जागेच्या वर. गाठी सगळ्या चांगल्या पायावर. दुखऱ्यावर गाठ मारायची नसते.

मोडल्या जागेच्या खाली बांधायला पिशवीत हात घातला, तर पट्टी नव्हती. सकाळीच एका पोराच्या कोपराला गेली होती. "कापड!" एवढंच मी ओरडलो. वर पाहायला सवड नव्हती. कुणीतरी माझ्या खांद्यावरून एक कापड खाली धरलं, आधीच पट्ट्यासारखी घडी घातलेलं. मी बांधलं.

अण्णा आभाळाकडे बघत म्हणाला, "दुखायचं कमी झालं रे." मग जरा वेळानं, "खरंच मोडलाय का?"

"शंका आहे," मी म्हणालो.

"तुझ्या शंकेच्या..." असं काहीतरी तो बोलला. पुढचं लिहीत नाही.

कोणी जटका आणला. मी तो परत पाठवला, खडखड गाडीत हाड हललं असतं. चहावाल्याचं बाकडं घेतलं, अण्णाला त्यावर बांधला, चार पैलवानांनी खांदा दिला. इस्पितळ जवळच आहे. मी सांगितलं, पावलं एकदम टाकू नका, ज्यानं त्यानं वेगळी टाका, नाहीतर बाकडं झुलतं. तुमच्या पैलवानांना हे काही केल्या जमेना. जन्मभर देवाची पालखी उचललेले खांदे ते. बाजारातल्या लोकांना वाटलं दसऱ्याची पालखीच आली. लोक हात जोडून बाजूला होत होते. फुलवाल्या बाईनं शेवंतीची ओंजळ अण्णावर टाकली. अण्णानं पडल्या पडल्या तिला आशीर्वाद दिला.

वळणावर होतो तोच मैदानातून असा गलका उठला की चौघे पैलवान जागच्या जागी थांबले. शेवटची चढाई यल्लाप्पानं केली होती. दोघांना शिवून परत आला. आपली गरडी जिंकली, मामा.

फोटोत नडगीची दोन्ही हाडं मोडलेली निघाली. कातडीला ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "हा उभा राहिला असता तर पाय वाचवायला मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. कुणी बांधलं हे?" चौघे पैलवान माझ्याकडे बोट दाखवून एकदम म्हणाले, "आमच्या डाक्टरनं." या वेळी कोणी हसलं नाही.

मग नर्सबाईंनी सोडलेल्या पट्ट्या माझ्या हातात दिल्या. त्यांत ते कापड होतं. उलगडलं तर पट्टी नव्हे, मोठा चौकोनी रुमाल, किरमिजी काठाचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. नाकाशी नेला. तिळाचं तेल आणि कापूर.

मामी, मी काही विचारत नाही. फक्त एवढंच, की मामांच्या डोक्याला आज रुमाल आहे का, ते जरा पाहाल का?

तुमचा
पिराजी


बेंगळूर, ५ जानेवारी १९५८

तीर्थरूप मामा, तीर्थरूप मामी,

पाया पडतो. तुमचं उत्तर नाही, पण या खेपेला मी घाबरलेलो नाही. वाट बघत होतो, आधी अण्णाचा पाय काय म्हणतो ते कळू दे म्हणून.

प्लॅस्टर काढून बरेच दिवस झाले. पाय बारीक झाला होता, कोंबडीसारखा. अण्णाला त्याचीच लाज वाटायची, टॉवेल टाकून बसायचा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी रोज त्याला व्यायाम करवला, आणि आता त्यांच्याच सांगण्यावरून तेलानं चोळतोही, खालून वर. अण्णा म्हणाला, "दीड वर्षापूर्वी वाटी दिली असतीस तर एवढा खटाटोप झाला नसता." मी म्हणालो, "तेव्हा हात होता, आता पाय आहे." तो म्हणाला, "सरी बिडू, जाऊ दे, डाक्टरशी कोण बोलणार."

काल सकाळी तो गरडीत आला. काठी दाराशी ठेवली, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि आखाड्याच्या मधोमध चालत जाऊन उभा राहिला. दोन्ही पायांवर, सरळ. पैलवान बघत होते. यल्लाप्पा ओरडला, "मोडलाय रे, मोडलाय!" आणि सगळे इतके हसले, की अण्णालाच तोल सावरायला माझा खांदा धरावा लागला.

मामा, आता तुमच्या अटीचं. मी फार विचार केला आहे. तुम्ही म्हणाला होता, मैदानात माणूस उभा कर. मी मैदानात त्याला आडवा केला, आणि तो उभा राहिला तो काल, गरडीत. त्यामुळे अट पुरी झाली असं मी म्हणत नाही. पण तो उभा आहे, आणि हे तुम्हाला डोळ्यांनी दाखवायचं आहे.

संक्रांतीला आम्ही दोघं सकाळच्या बसनं आनेकलला येतो. अण्णा स्वतःच्या पायांनी बसस्टँडवरून तुमच्या दारापर्यंत चालेल. रुमाल मी धुऊन, उन्हात वाळवून, घडी घालून आणतो आहे. घडी कशी घालायची ते मला येतं. दाराबाहेर थांबेन. उंबरठ्याचं तुम्ही ठरवा.

तुमचा
पिराजी


आनेकल, ९ जानेवारी १९५८

चिरंजीव पिराजीस कृष्णामामीचा आशीर्वाद.

हे सांगतात तसं लिहिते आहे. मध्ये मध्ये माझंही आहे, तू ओळखशील.

हे म्हणतात, संक्रांतीला या, तीळगूळ करून ठेवतो. (करणार मी.) म्हणतात, दाराबाहेर थांबायला तू काय वसुलीचा शिपाई आहेस? सरळ आत ये. मालोजीला सांग, उंबरठा उंच आहे, आधी चांगला पाय टाकू दे.

म्हणतात, अट मीच... मग म्हणाले, खोड ते. मी खोडलेलं नाही. मग बराच वेळ बाहेर बैलाशी बोलत होते. परत येऊन म्हणाले, असं लिही, की तेलाची वाटी मागितली तेव्हा पोरानं नाही म्हटलं ते मला बोचलं. पण पाय मोडलेला असताना सगळं मैदान एका बाजूला आणि ते पोर एका बाजूला, तेव्हाही नाहीच म्हणालं. म्हणजे नाही म्हणायला शिकलं, ते माझ्या विरुद्ध नव्हतं.

म्हणतात, रुमाल परत आणू नकोस. चौकोनी कापड कोपऱ्यातून कापलं की दोन पट्ट्या होतात, असं तूच लिहिलं होतंस. कापून पिशवीत ठेव. कात्री चालत नसेल तर इथली चांगली आहे.

आता माझं. तू विचारलं होतंस ना, डोक्याला रुमाल आहे का. दसऱ्याला हे बैल बघायला जातो म्हणून घरातून गेले होते. परत आले ते उघड्या डोक्यानं. बेंगळूरच्या कलासिपाळ्याच्या स्टँडवरून आनेकलपर्यंत, भर बसमधून, बोडकं. आपल्यात घरात कुणी गेल्याशिवाय पुरुष असा फिरत नाही, तुला माहीत आहे. वेशीपाशीच शेजारच्या नागनाथ अण्णांनी घाबरून यांना अडवलं आणि विचारलं, "वस्ताद, कोण गेलं हो?"

हे म्हणाले, "कुणी गेलं नाही. रुमाल कामाला गेलाय."